बाबांच्या पाट्यांचे कागद

माझ्या लाडक्या दोघांनो,

आजवर मी तुम्हाला इंग्रजीत लिहीत आले. मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि तुम्ही परदेशात वाढलात, तुम्हाला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यामुळे ते सोयीचं होतं. हे पत्र मात्र मराठीत लिहिते आहे, कारण ते मराठी अक्षरांविषयी आहे आणि त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिणं मला बरं वाटेना. तुमची आई वाचून दाखवेल. तिला म्हणावं, मधले परिच्छेद गाळू नकोस. तिला लहानपणापासून ती सवय आहे.

आत्ताच का लिहिते, तर गेल्या महिन्यात मी तुमच्यातल्या मोठीशी खोटं बोलले. एकोणीस दिवस ते खोटं होतं, मग ते खरं निघालं. हे कसं झालं ते दोघांनाही क्रमानं कळायला हवं. फोनवर सांगताना मी सारखी हसत होते आणि निम्मं राहून गेलं.

मोठीचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. तिच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचं काम द्यायचं होतं : पन्नास-साठ सालच्या दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती जशा असत, त्या वळणाची अक्षरं आणि चित्रं नव्यानं काढायची.

"टीचर म्हणाली, तुम्ही सगळे एकाच ठिकाणाहून जुनं काढता," ती म्हणाली. "सगळ्यांचं सेम दिसतं. घरातलं काहीतरी शोधा. मी सांगितलं, माझ्या आजीचे बाबा पाट्या रंगवायचे. आजी, त्यांचे कागद आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत ना," मी म्हणाले. "नीट ठेवलेत."

"मला माहीतच होतं. तू काहीच हरवत नाहीस. टीचरनं तेवढ्यावर माझा विषय मंजूर केलाय."

फोन ठेवला तेव्हाच मला ठाऊक होतं की कागद माझ्याकडे नाहीत.

माझे बाबा इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. रविवारी ते पाट्या रंगवत. शनिवारी आमचा शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ब्रशला हात लावायचा नाही. गावातल्या दुकानदारांना हे इतकं पाठ होतं की शनिवारी कुणी पाटीची चौकशीसुद्धा करायला येत नसे. शुक्रवारी दुपारी बाबा रॉकेलनं बोटं पुसत, मग साबणानं धूत. दिवे लागायच्या वेळी, शब्बाथ सुरू होताना, त्यांच्या हातांना साबण आणि रॉकेल दोन्हींचा वास असे. मला तोच वास शब्बाथचा वाटे.

पाटी करायच्या आधी बाबा ती लहान मापात कागदावर काढत. मग टिनच्या पत्र्यावर रेघा मारायच्या. त्या कामात माझा हिस्सा होता. दोरीला खडूची पूड चोळायची, एक टोक मी धरायचं, दुसरं बाबांनी. दोरी ताणून मध्ये चिमटीत उचलून सोडली की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटे. त्या रेघेला अक्षरं टांगली जात. ते म्हणायचे, "हलू नकोस. तू हललीस तर अख्खं दुकान वाकडं दिसेल." मी श्वास रोखून धरत असे.

चित्रंही तेच काढत. लाल, पिवळा, मोरपंखी आणि कडांना काळा, एवढेच रंग. पाचवा डबा घरात ठेवायला जागा नव्हती. साबणाच्या पाटीवर पदर खोचलेली बाई, सायकलच्या दुकानावर वाऱ्यात उडणाऱ्या टायचा माणूस. आमच्या गावात तेव्हा टाय घालून कुणी सायकल चालवत नव्हतं, पण ग्राहकाला तसा माणूस हवा होता. छत्र्यांच्या दुकानाच्या पाटीवरची दोन वेण्यांची मुलगी म्हणजे मी. तासभर बंद छत्री धरून उभी राहिले होते. बाबांनी चित्रात ती उघडली.

हे सगळे कागद बाबा गेल्यावर माझ्याकडे आले, एका निळ्या कापडात बांधलेले. पुढे तुमच्या आजोबांचे गुडघे जिना चढेनात, म्हणून आम्ही जुन्या गल्लीतलं घर सोडून खांदा कॉलनीत लिफ्ट असलेल्या इमारतीत आलो. घर हलवताना मी तीन याद्या केल्या : न्यायचं, द्यायचं, टाकायचं. त्या याद्या अजून माझ्या फाइलीत आहेत. मोठीचा फोन ठेवल्यावर मी तिसरी यादी काढली. सतरावी ओळ माझ्याच अक्षरात : "बाबांचे जुने कागद, निळं कापड."

लिहिल्याचं मला आठवत नाही. पण तो आठवडा आठवतो. त्या आठवड्यात मला आठवणी नको होत्या, जागा हवी होती.

मग मी ठरवलं की कागद नसतील तर पाट्या असतील. फोनवर फोटो काढून पाठवीन आणि म्हणेन, कागद फार नाजूक आहेत, हलवता येत नाहीत. बघा, एक खोटं सांगितलं की दुसरं कसं तयार असतं.

बाजारात छत्र्यांचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वर फ्लेक्स. गल्ल्यावर जुन्या मालकांचा मुलगा बसतो. मुलगा म्हणजे साठीचा.

"काकू, ती पाटी? फ्लेक्स लावला तेव्हाच भंगारात दिली. छत्रीवाली पोरगी होती ना तिच्यावर?"

"ती पोरगी म्हणजे मी."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "बसा काकू," तो म्हणाला. "चहा घ्या."

सायकलचं दुकान पडून तिथे दवाखाना झाला आहे. साबणाची पाटी कुणालाच आठवेना. शेवटी मी रिक्षा केली आणि पळस्प्यावरून पुढे आपट्याला गेले. तिथल्या भातगिरणीच्या भिंतीवर बाबांनी बैलजोडी आणि भाताची लोंबी काढली होती. लोंबी माझ्या उंचीची होती, एकेक दाणा सुटा. गिरणी बंद आहे, भिंत आहे, पण भिंत पांढरी होती. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत होती. तिला त्या चित्राविषयी विचारलं.

"चितार ना? व्हता. आमी पोरी त्या बैलांना हात लावून पलायचो. गेल्या इलेक्शनला चुना मारला. आता काय नाय." मग शेंग तशीच हातात धरून म्हणाली, "तुमी कोन?"

"ज्यांनी काढलं त्यांची मुलगी."

"मंग येवढ्या उशिरा का आल्या तुमी?"

मी रिक्षाकडे वळले. तिनं मला ओंजळभर वाल दिले. परतीच्या वाटेवर ते मांडीवर घेऊन मी ठरवलं की आता पुरे, मोठीला खरं सांगायचं. तिचं काम द्यायला नऊ दिवस उरले होते आणि ती रोज मेसेज करत होती : आजी, एक तरी फोटो. मी रोज लिहीत होते : उजेड चांगला नाही.

पण तिला सांगण्याआधी कुणाला तरी सांगून बघावं, म्हणजे जीभ वळेल, असं वाटलं. म्हणून शुक्रवारी वन्संना सांगितलं. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. त्या अजून जुन्या गल्लीतच राहतात, सिनेगॉगपासून चार घरं सोडून. दर शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते. त्या विळीवर बसून माशांच्या आमटीसाठी नारळ खोवत होत्या.

"वन्सं, माझ्या हातून फार वाईट झालंय. बाबांचे कागद रद्दीत गेले."

"कुठले?"

"पाट्यांचे. निळ्या कापडातले. घर हलवताना."

त्यांचा हात थांबला नाही. "ते नाही गेले रद्दीत."

"माझ्या यादीत लिहिलंय."

"तुझ्या यादीत! यादी तू केलीस, पण दारात रद्दीवाल्यापुढे कोण बसलं होतं? तू आत कपबशा मोजत होतीस."

"तुम्ही काय केलंत?"

"गाठ सोडून बघितलं. पहिल्याच कागदावर एवढाली आपली हिब्रू अक्षरं, आलेफपासून. म्हटलं, बाई इंग्रजी शाळेत शिकली आणि देवाचं लिखाण किलोवर विकायला निघाली. तराजूतून उचललं आणि सिनेगॉगच्या कपाटात नेऊन दिलं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर वाद घातला असतास. टेम्पो दारात उभा होता."

हे कपाट तुम्हाला सांगायला हवं. देवाचं नाव असलेला कागद आम्ही फेकत नाही, जाळत नाही. फाटलेली प्रार्थनेची पुस्तकं, जुनी पंचांगं, सगळं एका कपाटात ठेवतात, आणि कपाट भरलं की कब्रस्तानात नेऊन माणसासारखं पुरतात. तुमच्याकडेही अशी पद्धत आहेच. वन्संना हिब्रू प्रार्थना तोंडपाठ आहेत, आणि त्यांच्या दृष्टीनं ती अक्षरं म्हणजे देवच. बाबांनी तो कागद फक्त सरावासाठी गिरवला होता हे त्यांना कसं कळणार?

म्हणजे रद्दीत गेले नव्हते. पण कपाटातून जमिनीत गेले असतील तर माझ्या दृष्टीनं एकच. मी विचारलं, "शेवटचं कधी पुरलं?"

आता मात्र त्यांचा हात थांबला. "ते मला कुठं आठवतंय गं?" त्या म्हणाल्या. "पुरुषांचं काम ते."

संध्याकाळ होत आली होती. शब्बाथ लागत होता, आणि शनिवार म्हणजे कपाटं उघडून सामान हलवायचा दिवस नव्हे. तो शनिवार मी कसा काढला ते विचारू नका. प्रार्थनेला गेले तेव्हा कोपऱ्यातलं ते कपाट समोर दिसत होतं आणि माझं सगळं लक्ष त्याच्या कडीवर होतं.

रविवारी सकाळी वन्संना घेऊन मी सिनेगॉगवर गेले. गेटवर पहाऱ्याच्या पोलिसाच्या वहीत सही केली. तिथली देखभाल एक मुसलमान चाचा करतात, त्यांच्याआधी त्यांचे वडील करायचे.

"चाचा, ते जुन्या पुस्तकांचं कपाट शेवटचं कधी रिकामं केलंत?"

"रिकामं कुठं केलं, आपा? सेक्रेटरी साहेब दर साली बोलतात, दहा आदमी जमले की कब्रस्तानात नेऊ. दहा जमतात कुठं? सणाला ठाण्याहून येतात, नमाज पढून, जेवून जातात. सणाच्या कपड्यांत खड्डा कोण खोदणार?"

मी तिथल्या बाकावर बसले. आमच्याकडे हे पुरायचं तर दहा पुरुष हवेत, अशी इथली रीत आहे. माझ्या लहानपणी या गल्लीत दहा पुरुष रस्त्यावर हाक मारून जमत. मग एकेक घर तिकडे, हिब्रू बोलणाऱ्या देशात गेलं, तुमचंही गेलं. तुम्ही सगळे गेलात याचं मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि ते क्षणभरच, हेही लिहून ठेवते.

पण काम संपलं नव्हतं. चाचांनी कपाट उघडायला नकार दिला.

"आत गेलेली चीज बाहेर येत नाही, आपा. अमानत आहे."

"अहो, ते पवित्र नाही," वन्सं म्हणाल्या. "माझीच चूक झाली."

"तुम्हीच तेव्हा बोलला होता, खुदाचं कलाम आहे, हात धुवून पकडा. मी हात धुतले होते."

वन्सं मला पुढे करून मागे सरकल्या. हे मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलं आहे. शेवटी ठाण्याला सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, एकेक कागद बघा, ज्यावर देवाचं नाव असेल तो आत राहील, बाकीचे घेऊन जा. मात्र बघायचं वन्संनी, कारण आत त्यांनी ठेवलं.

चाचांनी पुन्हा हात धुतले, आणि तळच्या कप्प्यातून गाठोडं काढलं. कापडाचा निळा रंग घडीच्या आत तसाच होता. पडवीतल्या लांब बाकावर आम्ही ते सोडलं. सगळ्यात वरचा तो आलेफपासूनचा कागद वन्संनी डोळ्यांजवळ धरून तपासला. नुसती मुळाक्षरं. बाजूला ठेवला. मग त्या एकेक वाचू लागल्या आणि मी मोजू लागले.

"साबण. घे. सायकल. घे. हा कोण टायवाला? घे. छत्र्या." त्यांनी तो कागद माझ्या तोंडाशेजारी धरला. "नाक तेच आहे तुझं. घे." पुढचा कागद उचलला आणि त्यांचा आवाज चढला. "बिडी! चाचा, तुम्हाला मी बिडीच्या जाहिरातीसाठी हात धुवायला लावले!"

चाचा इतके हसले की गेटवरचा पोलीस आत डोकावून गेला.

अडतिसाव्या कागदावर त्या थांबल्या. बाबांनी सिनेगॉगसाठीच एक फलक केला होता, त्याचा तो कच्चा कागद : मध्ये हिब्रू ओळ, खाली मराठी. त्या ओळीत देवाचं नाव होतं. तो फलक पुढे कुठे गेला मला माहीत नाही. कागद फार सुंदर होता. मला तो हवा होता, तुम्हाला खरं सांगते. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग मीच तो चाचांच्या हातात दिला.

संध्याकाळी मी सगळे कागद पलंगावर मांडले आणि मोठीला व्हिडिओ कॉल लावला. आधी खरं सांगितलं.

"तू खोटं बोललीस? तू?"

"हो."

"किती दिवस?"

"एकोणीस."

"मी मम्माला सांगणार आहे," ती म्हणाली, आणि धाकट्यानं मागून टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "आता दाखव."

मी एकेक दाखवत गेले. साबणाची बाई, टायवाला, छत्री. ती आवाज करत होती, शब्द नव्हते. मग म्हणाली, "थांब. पहिला हिब्रूवाला आणि छत्र्यांचा कागद शेजारी शेजारी धर. जवळ. अजून जवळ." मी धरले. हलू नकोस, असं मी स्वतःला म्हटलं.

"आजी, दिसतंय तुला? हिब्रूत आडव्या रेघा जाड असतात, उभ्या बारीक. त्यांनी मराठीला तसंच केलंय. वरची रेघ बघ किती जाड आहे. आणि उभ्या रेघा बारीक, खाली जरा तिरक्या कापलेल्या. हे दुसऱ्या कुणी नाही केलेलं. मी महिनाभर जुन्या पाट्यांचे फोटो बघतेय, असं एकही नाही."

माझ्या लहानपणी गावात लोक पाटी बघून म्हणत, हे मास्तरांचं अक्षर. मलाही ते लांबून ओळखू येई. पण ते वेगळं का दिसतं, हे मी कधी विचारलं नाही. आणि आता आठवलं की रविवारी सकाळी रंगाचे डबे उघडण्याआधी बाबा चपट्या ब्रशनं एका कागदावर आलेफ-बेथ लिहीत. मी विचारलं होतं, हे कशाला? म्हणाले, "हात बसतो." त्यावर आणखी काही बोलल्याचं आठवत नाही. ज्या हातानं ती अक्षरं लिहिली त्याच हातानं लगेच साबण आणि छत्र्या लिहिल्या. वन्संनी तो कागद देवाचा समजून वाचवला. त्या एका कागदामुळे बाकीचे वाचले, आणि त्याच कागदात बाकीच्यांचं मूळ होतं.

मोठीनं तिचं काम वेळेत दिलं. तिनं पाटी छत्र्यांच्याच दुकानाची केली, बाबांच्या वळणानं, मराठीत एक आणि हिब्रूत एक. मुलीच्या जागी तिनं पांढऱ्या केसांची बाई काढली. छत्री बंद आहे. मी तक्रार केली, तर म्हणाली, "तू उघड."

वन्संना मी त्या पाटीचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "नाक चुकलंय."

आता काय उरलं आहे ते लिहून ठेवते. बाबांनी रंगवलेली पाटी मला गावात एकही सापडली नाही, आणि आपट्याची भिंत पांढरी आहे. कागद एकेचाळीस आहेत. त्यातले चाळीस खांदा कॉलनीत माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, घडी न घालता, त्याच निळ्या कापडात आहेत. एक सिनेगॉगच्या कपाटात आहे आणि तो तिथेच राहील.